केबिनच्या दारावरचा नळ

मी नळ बोलतोय. घाबरू नका, माझ्यातून पाण्याचा थेंबही कधी आलेला नाही. मी फ्रिजवर चिकटवायचा, चार बोटं उंचीचा, पितळी रंगाचा खोटा नळ आहे. पोटात लोहचुंबक आहे आणि अंगावर जाहिरात आहे: 'नळ गळतोय? मोरी तुंबली? आम्हाला बोलवा.' अशी जाहिरात अंगावर घेऊन भर समुद्रात, मऊ गालिचे अंथरलेल्या बोटीवर मिरवलेला माझ्या कुळातला मी पहिलाच असेन. शेवटचाही मीच असेन बहुतेक.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. आम्ही सगळी भावंडं एकमेकांना घट्ट चिकटून एका खोक्यात पडून होतो. एका प्लंबरने आम्हाला घाऊक विकत घेतलं. ज्या घरी काम करील तिथे निघताना एक नळ फ्रिजवर चिकटवून यायचा, अशी त्याची पद्धत. असाच एका दुपारी स्वयंपाकघरातलं सिंक दुरुस्त करून झाल्यावर त्याने मला थोरलीच्या, म्हणजे शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन जावांतल्या मोठीच्या, फ्रिजवर थापटलं आणि तो निघून गेला.

फुकट आलेल्या वस्तूला घरात कोण विचारतो? पण थोरलीने मला लगेच उचललं, फडक्याने पुसलं आणि पुन्हा लावलं, अगदी ओळंब्यात. "नळाचं तोंड खाली हवं," ती स्वतःशीच म्हणाली, "नाही तर पाणी जाईल कुठे?" तेव्हाच मी ओळखलं की आपण चांगल्या हातात पडलो आहोत.

थोरलीने उभं आयुष्य इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत सरळ रेघा ओढण्यात घालवलं होतं. तिरकं काही दिसलं की तिच्या जिवाला चैन पडत नसे. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरात तिची धाकटी जाऊ राहायची. ही पाळणाघर चालवायची. हिचा चष्मा पिठाच्या डब्यात सापडायचा आणि ओला टॉवेल खुर्चीवर वाळायचा. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते एकामागोमाग एक गेले आणि मागे या दोघी उरल्या. दिवसातून दहा वेळा वाद, आणि अकराव्यांदा चहा. थोरली तिला 'धाकटे' म्हणायची, धाकटी तिला 'जाऊबाई'. मी फ्रिजवरून दोघींना पाहायचो आणि मला दोघीही आवडायच्या, पण कल थोरलीकडेच होता, हे कशाला लपवू?

थोरलीची एक इच्छा होती. जिथून कुठलाच किनारा दिसत नाही, असा समुद्र तिला पाहायचा होता. निवृत्त झाल्यावर तिने बोटीच्या सहलीचा ध्यास घेतला, आणि काय सांगू, तिची तयारी पाहत राहावी अशी होती! सहलींच्या कचेरीत फोन लावून ती त्या माणसाला भंडावून सोडायची. बोटीचा मजल्यामजल्याचा नकाशा तिने मागवून घेतला आणि इमारत तपासावी तसा तपासला. केबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर हवी, कारण तिथे हेलकावे कमी. डोक्यावर नाचगाण्याचा हॉल नको, पायाखाली यंत्रं नकोत. आधी नोंदवलं तरच अशी जागा मिळते, उरल्यासुरल्यातून निवडायची वेळ आली की नशिबी खडखडाट येतो. बंदराच्या गावी आदल्या दिवशीच पोचायचं, कारण बोट कुणाच्या मामासाठीही थांबत नाही.

विम्याचंही तसंच. नोंदणी केली त्याच आठवड्यात तिने तो घेतला, म्हणजे ऐनवेळी जाणं रद्द झालं तरी हात पोळायला नकोत. समुद्रावर दुखणं उद्भवलं तर बोटीवरच्या डॉक्टरचा आणि तिथून किनाऱ्यावरच्या इस्पितळात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, हे तिने तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारून घेतलं. विमा कंपनीचा मदतीचा नंबर तिने धाकटीच्या पर्समध्ये कागदावर लिहून कोंबला. धाकटी हसली, म्हणाली, फोनमध्ये आहे की! त्यावर थोरलीने विचारलं, फोनच बंद पडला तर नंबर त्यातून काढणार कसा?

फक्त एका गोष्टीवरून धाकटी रुसली. थोरलीने दोघींसाठी समोरासमोरच्या दोन वेगळ्या केबिन घेतल्या. एकटीला अख्खी केबिन म्हणजे जवळजवळ दुपटीचा भुर्दंड. धाकटीने कारण विचारलं, तर थोरली म्हणाली, तू घोरतेस. धाकटीचं तोंड एवढंसं झालं. ती दोन दिवस चहाला आली नाही.

निघायच्या दिवशी थोरलीने मला फ्रिजवरून सोडवलं आणि बॅगेत टाकलं. बोटीच्या केबिनची दारं आणि भिंती पोलादी असतात, तिथे लोहचुंबक कामाला येतो, हे तिने कुठूनतरी शोधून काढलं होतं. तुम्हीही नेलात तर एक सांभाळा, चावीचं कार्ड माझ्यासारख्याच्या शेजारी ठेवू नका. धाकटीने पहिल्याच दिवशी मला आणि तिच्या कार्डाला एका कप्प्यात घातलं आणि नंतर ती बंद दारापुढे कार्ड घासत, दाराला नावं ठेवत उभी राहिली.

बोटीवरचा बोळ लांबलचक होता आणि सगळी दारं एकासारखी एक. मी थोरलीच्या दारावर बसलो आणि धाकटीला तिच्या घराची खूण मिळाली. त्याआधी तिने दोनदा भलत्याच लोकांचं दार ठोठावलं होतं. पुढे तिसऱ्या केबिनमधल्या गृहस्थांनी माझ्यावरची जाहिरात वाचून थोरलीला गाठलं. त्यांच्या बाथरूममध्ये पाणी तुंबलं होतं. थोरलीने अजिबात न हसता स्वागतकक्षाला फोन लावून दिला आणि दार लावून घेतल्यावर पोटभर हसली.

बोट निघाली तशी थोरलीने दोघींचेही फोन एअरप्लेन मोडवर टाकले. तसं केलं नाही तर बोटीवरचं महागडं नेटवर्क फोन आपणहून पकडतो आणि घरी गेल्यावर बिल पाहून डोळे पांढरे होतात. बोटीच्या इंटरनेटचं पॅकेज तिने आधीच घेतलं होतं, चढल्यावर घेतलं की ते महाग पडतं. पण एकच, तिच्या फोनवर. धाकटीच्या लेकीलाही बजावून ठेवलं होतं की अमुक दिवस आमचे फोन लागणार नाहीत, तेवढ्यावरून बोट बुडाली असं समजू नकोस. बोटीवर एकमेकांना निरोप धाडायचं एक अ‍ॅप होतं, पण धाकटीच्या जुन्या फोनला ते झेपेना.

मग निरोपाचं काम माझ्याकडे आलं. मी दाराच्या मुठीशेजारी असलो तर थोरली आत आहे. वरच्या कोपऱ्यात असलो तर ती वरच्या डेकवर, खालच्या कोपऱ्यात असलो तर जेवणाच्या हॉलमध्ये. किती सोपं! आयुष्यभर सामानाच्या चिठ्ठ्या धरून ठेवणारा मी आता माणसांना माणसं शोधून देत होतो. थोरली डेकवर तासन्‌तास कठड्याला धरून उभी राहायची, परत आली की तिच्या बोटांना खारट वास यायचा आणि ती गुणगुणत मला मुठीशेजारी आणायची. तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या सकाळी मी मुठीशेजारी होतो. थोरली आत होती. एकदम काहीतरी आपटल्याचा आवाज आला, आणि मागोमाग तिचा आवाज. बाथरूमचं दार लोटलेलं, पंख्याची घरघर चालू, तो आवाज बोळापर्यंत पोचेना. मला ऐकू येत होतं, कारण मी केबिनच्या दाराला चिकटलेलो होतो. पण मी कुणाला हाक मारणार?

तेवढ्यात बोळातली दारं पुसणारा माणूस आला. त्याने मला काढलं, दार लख्ख पुसलं आणि मला परत लावलं, हाताला येईल तिथे, वरच्या कोपऱ्यात. बिचारा पुढच्या दाराकडे गेला. त्याला काय माहीत की त्याने केवढा खोटा निरोप लिहून ठेवला!

न्याहारी आटोपून धाकटी आली. तिने मला पाहिलं, स्वतःशीच मान हलवली आणि लिफ्टकडे गेली. त्या वेळी मला माझ्या मुकेपणाचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नाही.

बऱ्याच वेळाने ती परतली. वर गर्दी होती, थोरली सापडली नव्हती, आणि उन्हाची टोपी घेऊन पुन्हा शोधायला जायचं असा तिचा बेत असावा. स्वतःचं दार उघडता उघडता तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग जवळ आली. चष्मा वर सरकवला. मी तिरका होतो आणि माझं तोंड छताकडे होतं.

"हा नळ जाऊबाईंनी लावलेला नाही," ती म्हणाली.

जिच्या घरात एक वस्तू जागेवर नसे, तिने हे ओळखलं! इतकी वर्षं थोरलीच्या सरळ रेघांची तिने थट्टा केली होती, आणि थट्टा करता करता त्या डोळ्यांत साठवल्या होत्या. धाकटीबद्दलचं माझं मत त्या क्षणी बदललं ते कायमचं. तिने दार ठोठावलं, दाराला कान लावला आणि बोळभर ऐकू जाईल अशा आवाजात माणसं बोलावली. दार उघडून देताना कुणीतरी मला बाजूला केलं, तर तिने मला हिसकावून मुठीत धरलं. त्या मुठीत मी पुढचा सगळा दिवस होतो.

थोरली बेसिनखाली पडली होती. शुद्धीवर होती, पण मांडीचं हाड मोडलं होतं. बोटीवरच्या डॉक्टरीण बाईंनी तपासलं, दुखणं कमी होईल असं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, यांना आधी कधी चक्कर यायची का? धाकटी ठामपणे म्हणाली, छे, कधीच नाही. मग पर्समधला तो कागद काढून तिने दवाखान्याच्या फोनवरून विमा कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला.

तिकडून एक बाई शांतपणे बोलत होत्या. दुपारी बंदर लागेल तिथे रुग्णवाहिका येईल, इस्पितळाचं आम्ही पाहतो, तुम्ही काळजी करू नका. आणि त्यांना चक्कर येते याची नोंद आमच्याकडे आहे, त्यांनी सुरुवातीलाच सगळं सांगितलं होतं, त्यामुळे काही अडचण येणार नाही.

धाकटीने फोन ठेवला. मुठीत मी इतका दाबला गेलो की माझ्या अंगावरचा रंग तिच्या तळहाताला लागला.

शस्त्रक्रिया चांगली झाली. परक्या गावातल्या त्या इस्पितळाच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, त्यावर धाकटीने मला लावलं आणि खुर्ची ओढून बसली. थोरलीने डोळे उघडले तेव्हाही ती तिथेच होती.

"फोनवरच्या त्या बाईला सांगितलंत," ती म्हणाली. "मला का नाही सांगितलं?"

थोरलीने पांघरुणाची कड सरळ केली. "तिला नसतं सांगितलं, तर त्यांनी ऐनवेळी हात वर केले असते. आणि तुला सांगितलं असतं तर तू मला बोटीवर चढूच दिलं नसतंस."

"नसतंच चढू दिलं."

"मग तो समुद्र मी कधी पाहिला असता?"

धाकटीने पदराने नाक पुसलं. "म्हणून दोन केबिन घेतल्यात. मला कळू नये म्हणून. आणि वर म्हणालात मी घोरते."

"घोरतेसच की. आपल्या मधल्या भिंतीतून इतकी वर्षं ऐकतेय." थोरलीने तिच्याकडे मान वळवली. "त्याशिवाय मला झोप लागत नाही, धाकटे. बोटीवर एकही रात्र धड झोपले नाही मी."

मी लोखंड धरून ठेवू शकतो, दुसरं काही नाही. पण त्या वेळी मला रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता आम्ही पुन्हा त्याच फ्रिजवर आहोत, म्हणजे मी आहे. थोरली काठी घेऊन चालते. माझा पितळी रंग उडालाय, जाहिरातीतली निम्मी अक्षरं गेलीत आणि पकडही जरा सैल झाली आहे, जाडजूड कागद दिला की मी घसरतो. चालायचंच.

काल दोघींनी पुढच्या सहलीची नोंदणी केली. डॉक्टरांना विचारून, आणि केबिन एकच. विम्यासाठी फोन धाकटीने लावला होता. जुनी दुखणी कोणती, असं तिकडून विचारल्यावर थोरलीने तिच्या हातातून फोन घेतला आणि एकेक सांगायला लागली. चक्कर कधीपासून येते, कुठल्या वेळी येते, डोळ्यांपुढे कसा अंधार येतो, गेल्या महिन्यात जिन्यात कशी बसून राहिले. यातलं अर्धं तर विमा कंपनीने विचारलंही नसेल. सांगताना तिचं तोंड फोनकडे होतं, पण ती बघत होती धाकटीकडे. आणि धाकटी, मध्ये न अडवता, एकेक गोष्ट कागदावर लिहून घेत होती.

तुम्ही कधी बोटीवर निघालात तर केबिन मध्यावरची घ्या, फोन एअरप्लेन मोडवर टाका, विमा वेळेवर काढा. एवढं तुम्हाला कुणीही सांगेल. माझी विनवणी वेगळी आहे. विमा कंपनीला जे सांगाल, ते सोबत येणाऱ्या माणसालाही सांगा. सगळ्यांच्याच दारावर नळ नसतो.