चिलटं आणि गिऱ्हाईक

चिलटं घालवायला माणूस बोलवावा लागत नाही, हे मी थोरल्या भाच्याला फोनवरच सांगितलं होतं. केळं सडलं की चिलटं येतात, केळं फेकलं की जातात. त्यात काय मोठी विद्या?

पण त्याचं एकच. "मामा, तुम्ही रंग द्यायला जाताच आहात, तर तेवढं चिलटांचंही बघा. घर बघायला आलेली आधीची दोन गिऱ्हाइकं स्वयंपाकघराच्या दारातूनच परत गेली. एक बाई तर नाकाला रुमाल लावून पळाली. रविवारी तिसरं येतंय. मला तिथं एक चिलट दिसता कामा नये."

हाच पोरगा लहानपणी मला अरे-तुरे करायचा, खांद्यावर बसून माझे कान पिळायचा. ऑफिसात खुर्ची मिळाली तेव्हापासून 'तुम्ही' झालो. मान वाढला आणि पोरगा लांब गेला.

घर माझ्या बहिणीचं. म्हणजे ती त्यात राहिली, खपली आणि मेली, म्हणून तिचं म्हणायचं. कागदावर दोन मुलांचं. मेव्हण्यांनी तसंच करून ठेवलं होतं. पोरगी काय, लग्न होऊन जाईल, असा त्यांचा हिशेब. पोरगी गेलीच नाही. आधी बापाचं दुखणं काढलं, मग आईचं. शिवणाच्या दुकानात नोकरी होती, ती आईच्या अंथरुणापायी सुटली. केस पांढरे झाले. लहानपणापासून बोलणं कमी म्हणून आम्ही तिला घुमी म्हणायचो, ते नाव तेवढं तिच्याजवळ राहिलं.

आई गेल्यावर दोघा भावांनी ठरवलं, घर विकायचं. आणि घुमी? घुमीनं सहा महिने एकाकडे राहायचं, सहा महिने दुसऱ्याकडे. धड पाहुणी नाही, धड मोलकरीण नाही, मधलंच काहीतरी.

"तुला चालणार आहे का हे?" मी तिला विचारलं होतं.

"मला कुणी विचारलंय?" ती म्हणाली होती. झालं, एवढंच.

तर मी डबे, ब्रश आणि माझा घोडा घेऊन गेलो. घोडा म्हणजे आम्हा रंगाऱ्यांची उभं राहायची लाकडी शिडी. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि थांबलोच. ओट्यावर चिलटं, नळावर चिलटं, दिव्याच्या दोरीवर ओळीनं बसलेली चिलटं. हात हलवला की धूर उठावा तशी उठायची, परत जागच्या जागी बसायची.

"अगं, काय बाजार भरवलायस?"

"चहा घेतोस?"

"त्यात पडतील."

"गाळून देते."

कामाला लागलो. कचऱ्याचा डबा घासून उन्हात ठेवला. कांदे-बटाटे निवडून मऊ पडलेले फेकले. मोरीच्या जाळीत उकळतं पाणी ओतलं. ओली फडकी, फरशी पुसायचा बोळा, सगळं वाळत घातलं. फ्रीजच्या मागं खाली एक ताटली असते, तिच्यात पाणी साठून चिकटा होतो, ती कुणालाच ठाऊक नसते, तीही काढून घासली. मग वाट्यांमध्ये व्हिनेगर घालून त्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकले. चिलटं वासाला भुलून येतात, एरवी पाण्यावर सुखानं बसतील, पण साबणामुळं बुडतात.

सकाळी वाट्या काळ्या झाल्या होत्या. आणि वाट्यांच्या वर तेवढीच घोंघावत होती. वाट्या ओतल्या, पुन्हा भरल्या. पुन्हा काळ्या. पुन्हा तेवढीच वर.

घुमी मला सगळं हातात देत होती. पाणी दे, दिलं. फडकं दे, दिलं. वाटी ओतताना मात्र वाकून बघायची. "किती मेली रे," म्हणायची. मला वाटलं, पोरीचं काळीज मऊ.

रोज संध्याकाळी थोरल्याचा फोन. "गेली का?"

"जातायत."

"जातायत म्हणजे? मामा, जन्मभर भिंती रंगवल्यात तुम्ही, एवढीशी चिलटं हटत नाहीत?"

"मग तू ये. नाहीतर असं कर, फोनमधूनच फुंकर मार."

शेवटी स्वयंपाकघर रंगवायला घ्यायचं म्हणून ओट्याखालचं सामान बाहेर काढायला लागलो. अगदी कोपऱ्यात, पातेल्यांच्या मागं, बहिणीचा जुना मोठा कुकर होता. सगळं घर एका पंगतीला जेवायचं तेव्हाचा. झाकण घट्ट, पण वर शिट्टी नव्हती. पाठ दुखत होती म्हणून तिथंच जमिनीवर टेकलो, आणि नजर गेली. शिट्टी जिथं बसते त्या भोकातून एक चिलट बाहेर आलं. काठावर बसलं, हात चोळले, उडालं. मागून दुसरं. मग तिसरं. कुकरनं वाफ सोडावी तशी चिलटं निघत होती.

सगळं घर घासलं, मोरीत डोकं घातलं, आणि हे माझ्या गुडघ्याशी! काखेत कळसा नि गावाला वळसा.

झाकण फिरवलं. आत काय होतं ते जेवण झालेल्या माणसाला सांगू नये. केळ्यांचा काळा लगदा, सफरचंदाचं सालपट, आणि त्यात पांढरं बारीक काहीतरी वळवळणारं. मी गटाराकडेच्या भिंती रंगवलेला माणूस, पण तोंड फिरवलं. तोंड फिरवलं तर मागं घुमी उभी.

"झाकण लाव, मामा. सगळी एकदम बाहेर येतील."

"हे तू ठेवलंस?"

खाली वाकून तिनंच झाकण बसवलं, सवयीच्या हातानं, आणि माझ्याशेजारी फरशीवर बसली.

"आईला पाण्याचा घोट गिळवत नव्हता," ती म्हणाली, "आणि जो भेटायला येईल तो केळी घेऊन. कुणाला सांगणार, नका आणू म्हणून? आई गेली, केळी राहिली. मला उचलून फेकायचं त्राण नव्हतं. पहिलं गिऱ्हाईक आलं, चिलटं बघितली आणि गेलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले, मामा. आई गेल्यापासून पहिल्यांदा."

"आणि दुसऱ्या वेळेला?"

"दुसऱ्या वेळेला विकत आणली. फळवाला म्हणतो, ताई, एवढी पिकलेली कशाला घेता, चांगली घ्या. म्हटलं, घरात म्हातारं माणूस आहे, मऊ लागतात."

मला हसू आलं. काय करू, आलं.

"किती दिवस पुरणार गं हे?"

"एक गिऱ्हाईक पळालं की दुसरं यायला महिना जातो. महिन्याला थोडी केळी. एवढ्या स्वस्तात घर कोण देतं?"

काय सांगणार होतो मी तिला? हे बरं नव्हे? भावांच्या पोटावर पाय देतेयस? भावांची पोटं चांगली सुटलेली होती. मी उठलो, माझ्या व्हिनेगरच्या वाट्या मोरीत ओतल्या आणि पालथ्या घातल्या.

संध्याकाळी फोन आला. "गेली का?"

"मूळ मोरीच्या नळीत आहे," मी म्हणालो. "नळी बदलावी लागेल."

"मग बदला ना!"

"प्लंबर मिळत नाही."

"मामा, रविवार परवावर आलाय!"

"रविवार मी आणलेला नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

शनिवारी येताना फळवाल्याकडून सडकी द्राक्षं उचलून आणली. फुकट दिली त्यानं. घुमी ती ताटात घेऊन निवडायला बसली, चांगली एका बाजूला, खराब एका बाजूला.

"अगं, सगळीच टाकायची आहेत."

"चांगली आपण खाऊ की," ती म्हणाली. आम्ही दोघांनी खाल्ली. पिकून फुटायला आली होती, गोड लागली.

रविवारी चिलटांनी आमची लाज राखली. रंगाचा वाससुद्धा त्यांना हटवू शकला नाही. थोरला आला, धाकटा आला. थोरल्यानं स्वयंपाकघरात डोकावून माझ्याकडे असं बघितलं की दुसरा मामा असता तर जळून राख झाला असता. पण बोलायला वेळ मिळाला नाही, दारात गिऱ्हाईक हजर. अंगानं भरलेला माणूस, शर्टाच्या खिशात चष्मा, बरोबर टेप घेतलेला कंत्राटदार. पुढच्या खोल्या बघितल्या, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. सगळा थवा उठला. एक चिलट त्याच्या ओठावर बसलं. मी मनात म्हटलं, आता वळणार.

वळला. कंत्राटदाराकडे.

"ही भिंत जाणार ना?"

कंत्राटदारानं बोटाच्या पेरानं भिंत वाजवली. माझा रंग पुरता वाळलाही नव्हता. "जाणार. ओटा, मोरी, सगळंच जाणार."

थोरला मध्ये पडला. "एरवी नसतात हो चिलटं. मामांना सांगितलं होतं, पण..."

"अहो, असू द्या!" गिऱ्हाईक म्हणालं. "मला कुठं स्वयंपाकघर ठेवायचंय? खोल्या काढायच्या, नोकरी करणारी एकटी पोरं ठेवायची, एकेका खोलीत तिघं-तिघं. जेवायला बाहेर जातील. तुमची चिलटं आपोआप उपाशी मरतील."

थोरला एवढ्या जोरात हसला की भांडी वाजली. धाकटा थोडा उशिरा हसला, त्याचं सगळंच थोरल्याच्या मागून. घुमीनं ओट्याची कड धरली होती, चालत्या बसमध्ये दांडी धरावी तशी.

तिथंच उभ्या उभ्या सौदा पक्का झाला. दोघं भाऊ खिडकीशी जाऊन कुजबुजायला लागले, पण रिकाम्या घरात कुजबूज चांगली ऐकू येते.

"दादा, ताई आधी तुझ्याकडे ना?"

"माझ्याकडे? मुलाची परीक्षा आहे, त्याला वेगळी खोली दिलीय. आधी तुझ्याकडे ठरलं होतं."

"कधी ठरलं? आमच्याकडे सासूबाई आल्यात."

"त्या कधी जाणार?"

"ते मी कसं विचारू?"

मी तोंड उघडलं. 'माझ्याकडे चल' म्हणणार होतो. पण माझीच खाट मुलाच्या घरी दाराआड टाकलेली. सून दार उघडते तेव्हा मी पाय आखडून घेतो. तोंड तसंच मिटलं.

इकडे गिऱ्हाईक कंत्राटदाराला सांगत होतं, "झाडलोट करायला, पोरांच्या खोल्या बघायला एक बाई शोधून ठेव. विश्वासाची पाहिजे."

थोरला गरकन वळला. न सुटणारं गणित एकदम सुटावं तसा त्याचा चेहरा उजळला. "शोधायला कशाला जाता? आमची बहीण आहे की! घराचा कोपरा न् कोपरा माहीत आहे तिला."

"दादा..." धाकटा म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला. त्यालाही गणित कळलं असावं.

गिऱ्हाइकानं घुमीला खालपासून वरपर्यंत बघितलं. "करणार का बाई काम?"

"करीन," ती म्हणाली. "राहायला खोली मिळेल?"

"खोली कशी देणार? खोलीत तीन पोरं बसतात. सकाळी यायचं, काम करायचं, संध्याकाळी जायचं."

"चालेल, चालेल," तिच्याऐवजी थोरलाच म्हणाला.

घुमीनं ओट्याची कड सोडली. "येईन की," ती म्हणाली. "पण येऊ कुठून?"

गिऱ्हाईक पोट धरून हसलं. "बाई मोठ्या गमतीच्या आहेत हो तुमच्या!"

भाऊ हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगतो. एकानं घड्याळ बघितलं, दुसऱ्यानं फोन काढला. कंत्राटदाराला माप घ्यायची घाई होती. त्यानं टेपचं टोक घुमीच्या हातात दिलं. "जरा भिंतीला धरा, ताई," म्हणाला, आणि टेप उलगडत उलगडत पलीकडच्या कोपऱ्याकडे गेला.

तिनं धरलं.