कोटाची दोन बटणं

ऐक ना, ऐक! हातातलं ठेव बाजूला. आज माझ्या पोटात जे झालंय ना, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं झाकण बसायचं नाही!

मी बटणांचा डबा बोलतोय. जन्माने बिस्किटांचा. पोटात मधोमध पत्र्याची भिंत, एका बाजूला गोड बिस्किटं, दुसरीकडे खारी. ती दोन दिवसांत फस्त झाली. मग कितीतरी वर्षं तुटक्या सुया, दोऱ्याचे गुंते, कुणाच्या तरी चष्म्याची काडी असलं काहीबाही गिळत पडून होतो. शेवटी या शिवणकामाच्या कारखान्यात आलो आणि एकदम भाव आला!

कारखाना सात जणांचा, सगळे भागीदार. काही ठरवायचं असलं की माझ्यावर फडकं टाकतात आणि एकेक जण हात आत घालून बटण टाकतो. भिंतीच्या उजवीकडे 'हो', डावीकडे 'नाही'. शर्टाचं बटण म्हणजे एक मत. पण कापड कापणारे दोघं, मोठे मास्तर आणि त्यांचा भाचा छोटे मास्तर, कोटाचं बटण टाकतात. त्याची मतं तीन! दोघांची झाली सहा, बाकी पाच जणांची पाच. म्हणजे त्या पाचांनी टाकायचं ते माझी करमणूक म्हणून.

"कापताना हात चुकला तर अख्खा तागा वाया जातो," मोठे मास्तर म्हणतात. "जबाबदारी जास्त, तर मत जास्त."

आणि ते बटण पडतं कसं माहितीये? टण्ण! कुठल्या बाजूला पडलं ते सगळ्यांना कळतं. शर्टाच्या बटणाचं नुसतं टिक, त्याचा पत्ताच लागत नाही. मामांचं टण्ण झालं की भाच्याचं टण्ण, त्याच बाजूला. कायम.

आज प्रश्न होता खिडकीचा. खिडकी एकच. तिथे काजं करणारी मावशी बसते. मास्तरांना तिथे कापायचं नवं टेबल हवंय, मावशीने आतल्या अंधाऱ्या खोलीत जायचं. तिचा चष्मा बघायला हवास, माझ्या बुडापेक्षा जाड! आत गेली तर महिन्याभरात तिचं काम सुटणार.

"मास्तर, कापड कसं कापायचं ते तुम्हीच ठरवा," मावशी म्हणाली. "त्यात मी कधी बोलले? पण कोण कुठे बसणार हे सगळ्यांचं आहे. डोळे तुम्हालाही दोनच, मलाही दोनच."

"नियम तो नियम," म्हणत मास्तरांनी मला उघडलं.

कोटाची बटणं गायब!

शोधाशोध सुरू. मशीनवर बसणारा एक जण आहे, अखंड बोलतो म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणतात. कुणी विचारायच्या आधीच हा, "आईशप्पथ, मी नाही घेतली!"

मावशीने जीभ चावली. "अगंबाई! सकाळच्या कोटाला दोन कमी पडत होती. तोच रंग, तेच माप. लावून टाकली की मी!"

तो कोट दारापाशी हँगरवर, इस्त्री होऊन तयार. गिऱ्हाईक बाकावर ताटकळलेलं.

"टाका शर्टाचीच," मास्तर वैतागले. "आम्हा दोघांची तीन-तीन धरायची."

टिक. टिक. टिक. मग छोट्या मास्तरांचा हात आत आला, बोटांना निळा खडू. उजवीकडे गेला. थांबला. आणि डावीकडे वळला. टिक.

मोजलं. हो तीन, नाही चार!

"आता आमची तीन-तीन धरा."

"धरू की!" रेडिओ म्हणाला. "पण मास्तर, यातली तुमची कुठली?"

"उजवीकडची! आणखी कुठली असणार?" मास्तरांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा खाली मान घालून कात्रीला तेल देत होता.

मास्तर ती कात्री हिसकावून तडक कोटाकडे गेले. बटण चिमटीत धरलं, ओढलं. मावशीच्या हातचं, जागचं हलेना. तयार झालेला कोट स्वतःच्या हाताने बिघडवायचा? कात्री हळूच खाली आली.

"आजच्यापुरतं एकाला एक," ते पुटपुटले. "मावशी, बसा खिडकीत."

कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढला आणि दोन बटणं घेऊन जिना उतरला. मी इतका खूश, नुसता खुळखुळत होतो!

पण आजच्यापुरतंच ना. सोमवारी पुन्हा मतदान आहे, यापुढे सगळ्यांचं मत एकच धरायचं का यावर. मास्तर म्हणतात, नियम बदलेपर्यंत जुनाच, म्हणजे कोटाची बटणं लागणार. मावशी विचारते, "सगळे सारखे का, हे ठरवतानाच आम्ही कमी कसे?"

आता सगळे जेवायला गेलेत. छोटे मास्तर एकटेच माझ्यासमोर उभे आहेत. मामांनी आणायला लावलेली दोन नवी कोटाची बटणं त्यांच्या मुठीत आहेत. माझ्या तळाशी त्यांच्या निळ्या खडूचा ठिपका अजून तसाच आहे. झाकण उघडं. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे.

सांग ना, ती मूठ तुझी असती, तर तू काय केलं असतंस?