जांभळ्या कापडाखाली

“आत्या, शेवटचं गाणं संपेस्तोवर उठायचं नाही. एवढी चित्रं काढणाऱ्यांची नावं येतात, त्यांना पाठ दाखवून जायचं असतं का?”

मरिया असं दटावायची आणि स्टेला भाजीची पाटी मांडीवर धरून टीव्हीसमोर तशीच बसून राहायची. मरिया पावसाळ्यात तापानं गेली. तरी मेथी निवडायला घेतली की तो आवाज कानाशी यायचाच.

देवळाली प्रवरा गावाच्या कडेला, उसाच्या फडाला लागून त्यांचं घर. शांतवनदादा साखर कारखान्यातून निवृत्त झालेला. मरिया रांगत होती तेव्हाच त्याची बायको वारली, आणि धाकटी बहीण स्टेला स्वतःच्या लग्नाचा विषय मिटवून पोरीची आत्याही झाली, आईही. पोरीनं मोठी झाल्यावर आत्याला जपानी कार्टूनांचं आणि कोरियन गाण्यांचं वेड लावलं. रोज जपमाळ ओढणारी बाई रंगीत केसांच्या पोरांची गाणी गुणगुणत भाकरी थापू लागली.

“स्टेलाबाई, जावई कोरियाचा आणता का काय?” शेजारची झुंबरबाई कुंपणावरून विचारायची. “त्याला हुलग्याचं शेंगोळं पचायचं न्हाई बरं.”

“पचंल हळूहळू,” स्टेला मान खाली घालून म्हणायची.

दोघींची लाडकी मालिका होती एका मुलीची. ती आंधळ्या ड्रॅगनला घुंगरं बांधलेल्या दोरीनं धरून वाऱ्याचं गाव शोधत हिंडते. “हा तर आपला बैलच की,” असं दादा एकदा दारातून म्हणाला आणि ड्रॅगनचं नाव घरात सर्जा पडलं. चहात बुडवलेला टोस्ट, पडद्यावर सर्जा, आणि मांडीला मांडी लावून बसलेली पोर. स्वर्ग याहून फार वेगळा असेल, असं स्टेलाला वाटत नसे. मालिका निम्मी झाली आणि मरिया गेली. पुढचं एकटीनं बघायचं स्टेलाचं धाडस झालं नाही.

उपवासकाळ लागला. ईस्टरपर्यंत घरातल्या प्रत्येकानं एक आवडीची गोष्ट सोडायची, ही जुनी रीत. दादानं चहा सोडला. स्टेलानं गाणी आणि टीव्ही सोडला, आणि चर्चमध्ये क्रूस झाकतात तसं मधल्या खोलीतल्या टीव्हीवर जांभळं कापड टाकलं.

त्याच आठवड्यात, दिवेलागणीला ती मागं स्वयंपाकघरात जपमाळ म्हणत असताना मधल्या खोलीतून मालिकेचं शेवटचं गाणं ऐकू आलं. बारीक, कुणी तोंडावर उशी धरून म्हणावं तसं. पुढच्या ओट्यावर बसलेला दादा आत आला असणार. पोरीची आठवण आली असेल, म्हणून लावलं असेल. नेम मोडणाऱ्याला टोकायचं नाही, तो जाणे आणि देव जाणे, हीसुद्धा घरची रीतच. स्टेला मणी ओढत राहिली.

मग ते रोजचंच झालं. गाणं थांबल्यावर ती खोलीत जाई. दादा पुन्हा ओट्यावर. कापडाची एक चुणीही हललेली नसे, पण वरून हात फिरवला की खालची काच कोमट लागे.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी ती करंज्या तळत होती. मरियाचा मोबाईल दादा अजून चार्ज करून जवळ बाळगायचा. मोबाईल हातात घेऊनच तो आत आला.

“स्टेला, मालिका कुठवर बघितली ते ह्यात दिसतंय, एकच भाग राह्यलाय. रोज बघतीस, मी काही बोललो न्हाई. पण तेवढा उद्या, ईस्टर झाल्यावर बघ.”

“मी कुठं बघते? तू बघतोस ना?”

“मस्करी करू नको, बाई. मी ओट्यावरून हालतसुद्धा न्हाई. मला वाटलं तू नेम मोडलास, लाजशील, म्हणून गप ऱ्हायलो.”

“मीपण म्हणूनच गप्प राहिले, दादा.”

कढईतली करंजी काळी पडली, तरी दोघांपैकी कुणी झारा उचलला नाही. मधल्या खोलीचं दार बंद होतं. दोघांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

“आज शेवटचा,” स्टेला म्हणाली. “तो झाला की ती जाईल. मी टीव्हीची वायर काढून ठेवते. भाग राहिला तर पोर राहील.”

“आन् तिला तशीच अर्ध्यात अडकवून ठेवायची?” दादा म्हणाला. “व्हय, मलापण वाटतं ऱ्हावी. पण असं न्हाई. येकटीनं बघायला तिला कधी आवडलं न्हाई, स्टेला. तू जाऊन बस तिच्याजवळ. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं.”

“नेम आहे माझा. उद्या उजाडेपर्यंत.”

“देवाला पोरं कळत्यात. वायर काढणार न्हाईस, तिच्याजवळ बसशील, तेवढं वचन दे मला.”

ती कढईकडे वळली. गॅस बारीक केला, जळकी करंजी काढून बाजूला ठेवली.

“बसेन,” ती म्हणाली.

दिवेलागणीला दादा टोपी घालून चर्चच्या वाटेला लागला. वळून पाहिलं नाही. फडातला वारा पडला होता. थोड्या वेळानं मधल्या खोलीतून दबलेला आवाज यायला लागला, दोरीला बांधलेल्या घुंगरांचा. स्टेलानं गॅस बंद केला. हात धुऊन पदराला पुसले, जपमाळ फळीवर ठेवली, आणि अंगापुरतंच दार लोटून ती आत गेली. खोलीत अंधार होता. फक्त ते कापड आतून उजळलेलं होतं. तिनं त्याला हात लावला नाही. गादीवर शेजारी एका माणसाची जागा सोडून ती कडेला हलकेच बसायला वाकली.