किल्ली काढल्यावर फिरणारा पंखा

देवानंद महाराजाला या धंद्यात काय मिळत होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढे उगाच देवावर संशय नको. वाफाळलेली गाडी निवली की एक नारळ. गाडीवाल्याच्या घरी कुणी आजारी निघालं तर कोंबडी, आणि आजारी कुणाच्या घरी नसतं? झोपडीवर नवे पत्रे घालून द्यायचं वाडीने कबूल केलं होतं. वर मान वेगळाच. टेम्पोवर क्लीनर होता तेव्हा त्याला सगळे 'ए देव्या' म्हणून हाक मारायचे. आता त्याच्या दुप्पट वयाची माणसं त्याच्या पायावर डोकं ठेवत होती. आणि भांडवल किती? एक भगवी लुंगी, एक लाल फडकं आणि दुसऱ्याची मोटरसायकल.

मोटरसायकल होती सुरजची. वांगणीच्या कातकरी वाडीतला हा पोरगा भिवंडीच्या गोदामात हमाली करून परत आला, तो तिथल्या मुकादमाची जुनी गाडी घेऊनच. पुढे जाळी, जाळीमागे पंखा, आणि इंजिन गार ठेवायला आत पाणी फिरणारं. असली गाडी वाडीत पहिलीच. दिसायला ऐटबाज, पण जव्हारच्या चढाला लागली की वळणावरच्या उंबरापाशी हटकून उकळायची, आणि तिथेच देवानंद झोपडी घालून बसला होता.

वर्षाली जीपमधून उतरली तेव्हा उंबराखाली जत्रा भरली होती. वर्षाली म्हणजे सुरजची थोरली बहीण. मोखाड्याकडच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवायची, सुटीला घरी निघाली होती. मधोमध तिच्या भावाची गाडी वाफा सोडत उभी, शेजारी सुरज हात जोडून, आणि देवानंदाच्या उंच धरलेल्या मुठीत लाल फडक्यात बांधलेली किल्ली.

"किल्ली कुठं आहे?" देवानंदाने विचारलं.

"तुमच्या मुठीत, महाराज," लोक म्हणाले.

"गाडीला हात कुणाचा आहे?"

"कुणाचाच नाय."

"आता आईला हाक मारतो. मोबाईल बंद करा, लहरी अडतात."

त्याने डोळे मिटले, ओठ हलवले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बंद गाडीच्या जाळीमागे घर्र झालं आणि पंखा फिरायला लागला. बायाबापड्यांनी गालांवर चापट्या मारून घेतल्या.

"हा आईचा श्वास," देवानंद म्हणाला. "इंजिन म्हणजे जीवच. जिवाला ताप येतो. तापावर डॉक्टर काय देतो? गोळी. गोळीत काय असतं? विश्वास. मी नुसता विश्वास देतो, गोळीचा खर्च वाचवतो."

पंखा बराच वेळ फिरला आणि आपला आपणच थांबला. किल्ली लावताच गाडी सुरू झाली. नारळ फुटला.

वर्षालीला राहवलं नाही. ती गर्दीतून पुढे झाली आणि वर्गात बोलावं तसं बोलली, हीच तिची चूक. "हे थोतांड आहे. पंखा विजेवर फिरतो. गाडीत बॅटरी असते."

"बॅटरी असते, बाई, मान्य," देवानंद गोड आवाजात म्हणाला. "पण बटण कुणी दाबलं? आणि बंद कुणी केलं? तुमच्या पुस्तकात असेल तर सांगा, आम्ही अडाणी माणसं शिकू."

उष्णता कशी वाहते हे वर्षाली दरवर्षी फळ्यावर काढून शिकवायची, पण या पंख्याचं बटण कुठे असतं हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणून ती गप्प बसली. देवानंदालाही ठाऊक नव्हतं, पण त्याचं काही अडलं नाही.

वाडीतला वडीलधारा मंगळ्याआजा तिला बाजूला घेऊन म्हणाला, "बाय, तू शिकलेली हायस, पर समद्यांसमोर महाराजाला असं बोलू नये. आमी काय आंधळं हाव? पंखा फिरला तो फिरला."

घरी आल्यावर खरी गोष्ट कळली. आईच्या श्वासाने गाडी रोज निवत होती आणि रोज पुन्हा उकळत होती. हे पहिल्यांदा तोंडावर बोलली ती काळीकाकी. काळी ही वर्षालीची चुलती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, वीटभट्टीवर विटा थापून पोट भरणारी, आणि जिभेला लगाम नसलेली. ती भर गर्दीत म्हणाली होती, "म्हाराज, रोज बरी होते तर रोज बिघडते कशी? माझा ताप असा रोज जाऊन रोज येता तर मी डागतर बदलला असता."

लोक हसले. देवानंदही हसला. पण त्याच दिवसापासून त्याला स्वप्नं पडू लागली. गाडीवर वाडीतल्याच कुणा बाईची नजर आहे, भुताळीची, म्हणजे चेटकिणीची. त्यात सुरज एकदा काकीला दवाखान्यात नेत असताना गाडी फारच भडकली होती. मग काय, सगळ्यांना सगळं आठवायला लागलं. वाडीतल्या काशीची शेळी मेली तेव्हा काळी दारावरून गेली होती म्हणे. ती रोजच तिथून जायची, कारण पाण्याची वाट तीच होती. पण हे कुणी म्हटलं नाही.

"परवा सकाळी पारख हाय," सुरज खाली मान घालून म्हणाला. "एकेक बाई माझ्यामागं बसवायची, चढ चढायचा. जिच्या भाराखाली गाडी भडकंल ती भुताळी. मग तिला वाडीतून काढायची."

"आणि तू चालवणार?"

"गाडी माझी हाय ना, ताय. नाय म्हणलो तर बोलतील, हाच काकीला पाठीशी घालतो."

काळी चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "बसंन की मी. फुकट फिरवतात तर फिरीन." पण तिची भाकरी तव्यावर करपली, आणि काळीची भाकरी कधी करपत नसे.

दुसऱ्या दिवशी वर्षालीने जव्हार गाठलं. सुरजच्या गाडीचं काम नीलेशच्या गॅरेजात झालं होतं. नीलेश बाजारपेठेतल्या दुकानदार घरातला. हात चांगला, जीभ त्याहून चांगली.

"मॅडम, त्या वळणावर काहीतरी आहेच," तो पाना पुसत म्हणाला. "मीच सुरजला महाराजांकडे जा म्हटलं."

"तुम्ही? गाडी तुम्ही दुरुस्त केलीत आणि पाठवलीत महाराजांकडे?"

"गिऱ्हाईकाचं समाधान पण बघावं लागतं ना."

"नीलेशभाऊ, उद्या माझ्या काकीला भुताळी ठरवणार आहेत. या गाडीच्या जोरावर. तुम्ही काय केलंय त्यात, तेवढं सांगा. मला त्यातलं कळत नाही, म्हणून विचारतेय."

नीलेश पाना पुसायचा थांबला. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. मग स्टूल ओढून बसला.

"पंख्याला एक स्विच असतो," तो म्हणाला. "पाणी ठरावीक तापलं की स्वतःच चालू होतो, निवलं की स्वतःच बंद. सुरजच्या गाडीचा तो जळला होता. ओरिजिनल नाशिकहून मागवावा लागतो, आठवडा जातो. पोरगा म्हणाला, आजच द्या. माझ्याकडे एका कारचा पडला होता. आटे बसले, मी बसवला."

"मग बिघडलं कुठे?"

"कारचा स्विच फार उशिरा लागतो. कारची जाळी मोठी, पाणी जास्त, तिला चालतं. या गाडीत तो चालू होईपर्यंत पाणी उकळायलाच येतं. जाळीच्या तोंडावरचं पाण्याचं टोपणही कारचंच आहे. बसतं, पण दाब नीट धरत नाही, मग पाणी लवकर उसळतं."

"आणि किल्ली काढल्यावर पंखा?"

नीलेश ओशाळला. "मूळची वायर खराब होती. मी पंखा सरळ बॅटरीला जोडला. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, आतली धग वर चढते, स्विच तेव्हा कुठे लागतो. महाराजांनी हाक मारली काय, शिवी दिली काय, पंखा फिरणारच. देव्या क्लीनर होता, मॅडम. थांबलं की गाडी निवते हे त्याला पाठ आहे."

"मग हे कुणाला बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, नारळापुरतं आहे. कुणाचं काय जातं?"

त्याच्या अंगणात तशीच एक अपघातात चेपलेली गाडी होती. तिचा मूळ स्विच आणि टोपण काढून नीलेशने खिशात टाकलं. रात्री वाडीकडे जायला जीप नव्हती, म्हणून सकाळी लवकर निघायचं ठरलं.

वर्षाली आणि नीलेश उंबरापाशी पोचले तोवर पारख संपत आली होती. देवानंदाने वेळ अलीकडे ओढली होती. पहिल्यांदा बसवली धाकली नावाची वाडीतली काडीसारखी पोरगी. थंड इंजिन, गाडी सरसर चढली. मग काशी. मग आणखी एक. मध्ये इंजिनाला उसंत नाही. सगळ्यात शेवटी काळी. तिला घेऊन गाडी वळणाला आली ती वाफांच्या ढगातच.

"आता शेवटचं," देवानंद म्हणत होता. "हिने स्वतःच्या हाताने टोपण उघडावं. निर्दोष असेल तर आई तिला जपेल."

"काकी, हात लावू नको," वर्षाली धावत ओरडली. पण काळीला घाई झाली होती, एकदाचं मिटवून टाकायची. तिने टोपण फिरवलं. उकळतं पाणी कारंज्यासारखं उडालं आणि काळी हात पोटाशी धरून खाली बसली. ती किंचाळली नाही. नुसता 'हं' असा आवाज काढला, आणि तो आवाज वर्षालीला पुढे कित्येक दिवस ऐकू येत राहिला.

"बघितलंत?" देवानंद म्हणाला. दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या.

वर्षालीने आधी काकीचा हात गार पाण्याच्या बादलीत धरला. कुणीतरी हळद आणली, ती तिने लावू दिली नाही. जीपवाल्याला थांबवून ठेवलं. मग तिने मागे वळून पाहिलं. तिचा आवाज या वेळी वर्गातला नव्हता.

"परवा तुम्ही मला विचारलंत, बटण कोण दाबतं. मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. दवाखान्यात जायच्या आधी दाखवते. काकी, एवढं थांबशील?"

काळीने मान हलवली. "दाखव. मला पण बघायचंय."

नीलेशने सगळ्यांसमोर गाडीतला स्विच काढला, खिशातला दुसरा त्याच्याशेजारी धरला. देवानंदाच्याच चुलीवर देवानंदाच्याच चहाच्या पातेल्यात पाणी ठेवलं. दोन्ही स्विच वायरींनी टांगून पाण्यात सोडले, दोघांना एकेक बल्ब, आणि बॅटरी. मंगळ्याआजाला वर्षालीने पुढे बसवलं. "आजा, मंत्र कुणी म्हणत नाही ना, तेवढं बघ."

पाणी नुसतं चुळबुळायला लागलं, तोच मोटरसायकलच्या स्विचचा बल्ब लागला. कारचा काळाच. पाण्याने उसळ्या मारल्या, पातेलं थडथडलं, तेव्हा कुठे तो दुसरा उजळला. नीलेशने पातेलं उतरवून त्यात गार पाणी ओतलं. दोन्ही बल्ब विझले.

मंगळ्याआजा पातेल्याकडे बघत राहिला. "म्हणजे आईचा श्वास..."

"कारचा स्विच, आजा. मी बसवला," नीलेश म्हणाला. त्याने ते मोठ्याने म्हटलं, हे त्याच्या खात्यावर लिहायला हवं.

"पर काळी बसल्यावरच भडकली ती?" काशीने विचारलं.

"तिला शेवटी कुणी बसवलं?" वर्षाली म्हणाली. "चौथ्या खेपेला कुणीही बसलं असतं तरी भडकली असती."

"मग म्हाराजांना बसवा," काळी बादलीतून हात न काढता म्हणाली.

देवानंदाने वाहनावर न बसण्याचं आपलं व्रत सांगितलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं; जव्हारच्या बाजाराला तो रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीवरूनच जात-येत होता. गाडी निवल्यावर नीलेशने कारचा तोच स्विच परत बसवला, पाणी भरलं, सुरजने एकट्यानेच लागोपाठ तीन खेपा मारल्या, आणि चौथ्या खेपेला चौघांनी महाराजाला उचलून सुरजच्या मागे ठेवलं. पायथ्याला जाऊन गाडी वर आली ती वाफा ओकत, आणि मागे लुंगी सावरत देवानंद.

"भुताळा सापडला," कुणीतरी म्हणालं. हशा उसळला, आणि पाठोपाठ दोघांनी काठ्याही उचलल्या.

"तोही भुताळा नाही," वर्षाली त्यांच्या आडवी आली. "लबाड आहे. भुताळी नसते, भुताळाही नसतो. बाईला भुताळी ठरवून छळणं हा गुन्हा आहे, त्याला कायदा आहे. काठ्या ठेवा, पोलिसांत चला."

मग मूळ स्विच आणि मूळ टोपण बसवलं. सुरज मंगळ्याआजाला मागे घेऊन चढला. चढाच्या मध्येच पंखा लागला, वळण गेलं, गाडी उकळली नाही. सुरजने येऊन काकीला म्हटलं, "आता तू बस, काकी, सगळ्यांना दिसू दे."

"मी नाय बसत," काळी म्हणाली. "माझं काय तपासायचं राहिलंय?"

ती जीपने दवाखान्यात गेली.

पंखा का फिरतो हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शिकलेल्या बाईलाही ते जाऊन विचारावं लागलं. कळत नाही तर कळत नाही म्हणावं, ज्याने गाडी खोलली त्याला विचारावं, पाणी उकळून बघावं. कळत नाही म्हणून एखाद्या माणसाकडे बोट दाखवू नये, आणि बोट दाखवणाऱ्याला नारळ देऊ नये. मागणं एवढंच आहे.

बाकी हिशेब असा लागला. देवानंदावर गुन्हा दाखल झाला. तो जामिनावर सुटला आहे आणि दाढी काढल्यामुळे ओळखू येत नाही, असं म्हणतात. नीलेशने सुटा भाग फुकट घातला आणि मनातून फिटंफाट झाली असं धरलं. सुरजला चांगली गाडी मिळाली. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या तळहातांना काही झालं नाही. काळीच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, आणि भट्टीवाल्याने या हंगामाला तिला घेतलं नाही. विटा थापायला दोन्ही हात लागतात.