कंपाउंडर नव्हता

"बोल रं सख्या, काय राहिलं तुजं?" सहदेवकाकांनी झाडाकडे बघून हात जोडले. "छपराचं ना? दिवाळीच्या आत पत्रे बदलतो. ये, बाबा."

कावळा आला नाही. पेज नदीच्या काठावरच्या उंबरावर तो बसून होता. मान तिरकी करून एकदा खडकावरच्या पिंडांकडे बघे, एकदा माणसांकडे. खडकाजवळ रुद्र उघड्या अंगाने उभा होता. सकाळीच मुंडन केलेलं त्याचं डोकं उन्हात परक्यासारखं दिसत होतं. आज त्याच्या वडिलांचा, सखाकाकांचा, दहावा होता.

"दुकान बंद करणार नाय," सहदेवकाका पुन्हा म्हणाले. ते सखाकाकांचे थोरले भाऊ. "रुद्र चालवंल."

रुद्रने चमकून काकांकडे बघितलं. पनवेलची नोकरी सोडायची गोष्ट त्यालाही आत्ताच कळत होती. कावळ्याने पंखात चोच घातली.

"नंदाला अंतर देणार नाय आमी. शब्द हाय."

कावळा तिथेच.

"जरा लवकर आठवा," भटजी म्हणाले. "पॉवरहाउसचं पाणी सुटलं की खालची पायरी बुडते."

आम्ही बायका वर देवळाच्या ओट्यावर बसलो होतो. सखाकाकांची बायको, नंदाकाकू, माझ्या शेजारी, गुडघ्यांना मिठी मारून. नसीबाचाची थोडी बाजूला, रस्त्याच्या कडेला छत्री उघडून उभी. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि जा म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

सखाकाकांचं दुकान भिवपुरी स्टेशनच्या रस्त्यावर होतं. आसपासच्या शेतांवरचे पाण्याचे पंप जळले की त्यांच्या मोटारी तिथे यायच्या. जळालेली तार काढून नवी तार गुंडाळायचं काम ते दिवसभर करत. संध्याकाळी हात पुसून बाहेरच्या फळीवर बसले की आमची सभा भरायची. ते, नंदाकाकू, शेजारी बांगड्यांचं दुकान चालवणारी नसीबाचाची, आणि खोपोलीच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेतून परत येणारी मी. आदल्या रात्री प्रत्येकाने आपापल्या घरी जे बघितलं, सिनेमा असो की मालिका, त्याचा तिथे निकाल लागायचा.

नियम काकांचे होते. ज्याने भाग बघितला नसेल, त्याने आधी कबूल करायचं आणि चहा आणायला जायचं, म्हणजे बाकीच्यांना मोकळेपणी बोलता येईल. "छान होतं" असं म्हणायला बंदी होती. "छान म्हंजे काय गं? भेंडी बी छान असती," ते म्हणायचे. आणि समोरचा रुसला, चिडला, तरी त्याला बरं वाटावं म्हणून मत बदलायचं नाही. एकदा मी थकून "बरं, तुमचंच खरं" म्हणाले, तर दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. "हरव मला, पन असं सोडू नको," म्हणाले.

गेला महिनाभर आम्ही सगळे एका मालिकेत अडकलो होतो. डोंगरावरचा एक बंगला, विष पाजून मारलेला म्हातारा मालक. मारलं कोणी? काकांचं ठाम मत होतं, घरी येणारा कंपाउंडर. नंदाकाकूचं ठाम मत होतं, थोरली बहीण.

"ती? ती बिचारी सगळ्यांना च्या देत फिरती," काका म्हणायचे.

"तेच म्हंते मी. एवढ्या भागांत तिला कोनी बस म्हनलंय का?"

"अगं, पन तिच्या डोळ्यांत पानी बघ."

"तुमाला डोळ्यांतलं पानीच दिसतं. मागच्या टायमाला बी असंच फसलाव."

शेवटचा भाग शुक्रवारी यायचा होता. काका बुधवारी गेले. दुकानात, मांडीवर उघडी मोटार असताना.

शनिवारी नसीबाचाची आणि मी सुतकाच्या घरी भाकऱ्या आणि आमटी घेऊन गेलो. टीव्ही बंद होता, वर चादर घातलेली. बाहेरच्या खोलीत बायका बसल्या होत्या आणि "लई छान मानूस," "कंदी चुकला नाय," असं एकेक जण म्हणत होती. नंदाकाकू कोरड्या डोळ्यांनी ऐकत होती. आम्हाला बघताच उठली आणि नसीबाचाचीला हाताला धरून तिने आत नेलं. दार लोटून घेतलं.

"कोन निघालं?"

"अगं नंदे, आज कुठं..."

"कोन निघालं ते बोल आधी."

नसीबाचाचीने सांगितलं. थोरली बहीण. नंदाकाकूने सगळं विचारलं. विष कशातून दिलं, कंपाउंडरला ठाऊक होतं का, शेवटी बहीण काय बोलली. नीट ऐकून घेतलं. मग तोंडाला पदर लावला आणि त्या घरात पहिल्यांदा रडली. बाहेरून कोणीतरी म्हणालं, "बरं झालं, रडली एकदाची."

आणि आता हा कावळा.

"काय राहिलं असंल गं?" मागून एक मावशी कुजबुजली.

नंदाकाकू उठली. मला वाटलं, पाणी हवं असेल. ती सरळ पायऱ्या उतरायला लागली.

"नंदा!" सहदेवकाका पुढे आले. "बायकांनी खाली यायचं नसतं. माहीत हाय ना?"

"माहीत हाय, भाऊजी. त्यांचं काय राहिलंय ते बी माहीत हाय." ती पिंडांपासून चार हातांवर थांबली. "मालिकेचा शेवट राहिलाय."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि खोकून हसू लपवलं.

"हे काय थेटर हाय?" सहदेवकाकांचा आवाज चढला. "मानसं काय म्हंतील?"

"दहा दिस मानसंच म्हंतायत. आज मी बोलते."

"वहिनी, एक मिनिट." भटजींनी पळी तांब्यात ठेवली. ते जरा ओशाळले होते. "डोंगरावरचा बंगला का? मी सहाव्या भागावर आहे."

"मग तुमी पलीकडं जावा."

भटजी खरंच गेले. वाळूतून चालत लांबच्या दगडापाशी पोहोचले आणि पाठ करून तांब्या घासायला लागले. रुद्र खाली मान घालून उभा होता, पण त्याचे खांदे हलत होते. हसत होता की रडत, मला वरून कळलं नाही.

सहदेवकाकांनी एकदा कावळ्याकडे बघितलं, एकदा खडकापर्यंत सरकणाऱ्या उन्हाकडे. इतके शब्द देऊन झाले होते. आता त्यांचाही धीर सुटत चालला होता.

"बरं, सांग," ते आवाज खाली आणून म्हणाले. "कोन म्हनत व्हता तो?"

"कंपाउंडर."

"मंग तोच निघाला म्हन. म्हन, तुमी बरोबर व्हता. समाधान हुईल त्याचं. उरकंल."

"तो नाय निघाला."

"अगं, मेलेल्या मानसाला काय कळतंय?"

"कळत नाय तर छपराचं कुनाला सांगत व्हता?"

वरून नसीबाचाची छत्री मिटत ओरडली, "नंदे, कंपाउंडरनं बाटली दिलीच व्हती की! अर्धा बरोबर म्हन त्याला!"

"न कळता दिली," नंदाकाकू मागे न बघता म्हणाली. "न कळता दिली त्याला खुनी म्हनत नाय."

तिने पदर खोचला. दुकानाच्या फळीसमोर उभी राहून बोलायची तशीच उभी राहिली, एक हात कमरेवर.

"अवो, ऐकता का? कंपाउंडर नव्हता. थोरली बहीन व्हती. च्यातून दिलं. समदे म्हनतात तुमी कंदी चुकला नाय. तुमी चुकला. मी म्हनलं व्हतं, तिला कोनी बस म्हनत नाय, तिच्याकडं बघा. तुमी नाय बघितलं." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "आनि शेवट मला पटला नाय. तिला पकडायला नको व्हती. एवढंच. तुमचं काय म्हननं असंल ते..."

तिथे मात्र थांबली.

आम्ही सगळे फांदीकडे बघत होतो. कावळा जागचा हलला नाही.

"झालं?" सहदेवकाका म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? मेल्यावर बी हरवायचं व्हतं नवऱ्याला?"

"जित्तेपनी हरवलं की त्यांना आवडायचं," ती म्हणाली. "खोटं बोललं की नाय आवडायचं."

नदीचं पाणी चढायला लागलं होतं. भटजींना हाक मारली. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, मंत्र म्हटले. कावळा आला नाही तर असंच करतात. माणसं पाय धुऊन रस्त्याकडे निघाली. कोणी नंदाकाकूला हात दिला नाही. एक मावशी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, "बाईनं अतृप्त ठेवला." नंदाकाकूने तिच्याकडे नीट बघितलं. मावशीने वाट बदलली.

नंदाकाकू मधल्या पायरीवर बसली, नदीकडे पाठ करून. नसीबाचाची धापा टाकत खाली आली आणि तिच्या शेजारी बसली. मी एक पायरी वर.

"अर्धा निकाल तरी द्यायचा व्हता गं," नसीबाचाची म्हणाली. "एवढा चांगला मानूस."

"चांगला व्हता म्हनून नाय दिला."

"पन पकडायला नको व्हती म्हंजे काय? खून केला तिनं!"

"तू तिसरा भाग नीट बघितला नाय. स्वयंपाकघरातला."

"बघितला!"

"मंग सांग, ती पानी कोनाच्या भांड्यानं पिती?"

नसीबाचाचीला आठवेना. नंदाकाकू तिच्याकडे वळून सांगायला लागली, हातवारे करून, दहा दिवसांत पहिल्यांदा भरभर. घाट रिकामा झाला होता. तिच्या पाठीमागे, खडकावर, कावळा उतरला. दोन उड्या मारून पिंडांच्या पानाजवळ गेला, थांबला, आणि त्याने भातात चोच घातली.

मी तोंड उघडलं. पण ती नेमक्या मुद्द्यावर आली होती, आणि आमच्यात मधे बोलायची पद्धत नव्हती.