हर्णैहून परळपर्यंत, आभाळातून

ठक्... ठक्. खिडकीच्या झडपेवर माझी चोच वाजली. एरवी भांड्यांनी आणि भांडणांनी घुमणारी ती परळची चाळ त्या दिवशी इतकी गप्प होती, की माझ्याच आवाजाला मी दचकले.

मित्रांनो, मी एक थकलेली, राखी रंगाची कबुतरी. जन्म याच खिडकीवरच्या खोक्यातला. गिरणीत राबणाऱ्या गुणाजीने मला ज्वारी भरवून वाढवलं. टोपलीत घालून आधी माहीमला, मग ठाण्याला, पुढे पनवेलला नेऊन सोडलं. दर वेळी मी त्याच्या आधी घरी! तो धापा टाकत जिना चढला, की त्याची बायको मीराबाई हसायची, "आलात? ती कधीची जेवून बसलीय!"

मग गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. चाळ रिकामी होऊ लागली. गुणाजीने मीराबाईला आणि चिमुरड्या लक्ष्मीला गावी, हर्णैला धाडायचं ठरवलं. स्वतः जावं, तर गिरणीतली जागा जाणार.

"आम्ही पोचलो ते कळायचं कसं तुम्हाला?" मीराबाईने विचारलं.

"हिला ने. बोटीला अख्खा दिवस लागतो. ही सकाळी सुटली की दुपारच्या आत इथं. सुखरूप असलात तर पायाला लाल दोरा बांध. गाठ मात्र मी सोडणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

बोट वेळेवर पोचली. पण दुसऱ्या दिवशी अवस होती. हर्णैला मीराबाईची सासू म्हणाली, "अवसेला बरा निरोप धाडू नये गो." मी दिवसभर टोपलीत.

तिसऱ्या सकाळी सुटले. बाणकोटची खाडी, जंजिऱ्याचा कोट मागे टाकला, गिरण्यांची धुराडी दिसली. इतक्या वेगाने मी कधीच उडाले नव्हते.

झडप बंद. दारावर प्लेगच्या घराची लाल खूण. शेजारची गंगुबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "उशीर केलास गो बाय. आज पहाटेच त्याला इस्पितळात नेला. 'माझी कबुतरी आली काय?' इचारत होता." तिने दोऱ्याकडे हात नेला आणि मागे घेतला. "नको. गाठ त्याची."

तो परतला नाही. तरी रोज पहाटे बंद खोलीत ज्वारीचा डबा खुळखुळतो. मी चोच मारते. झडप उघडत नाही.

रोग ओसरल्यावर मीराबाई आली. तिने आधी गंगुबाईलाच विचारलं, "आम्ही पोचलो एवढं तरी त्यांना कळलं ना?" गंगुबाईने माझ्या पायाकडे बोट केलं. मग मीराबाईने मला हातात घेतलं. दोरा उन्हाने विटला होता, गाठ अजून तिच्याच हातची होती, न सुटलेली. ती उंबऱ्यावरच बसली. "एक दिवस," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, दाराशी चोच वाजवणाऱ्या पाखराला हाकलू नका. आणि कुणी वाट बघत असेल, तर बरा निरोप उद्यावर ठेवू नका.

लक्ष्मी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

"आये, बोटीला दिवस लागतो. ही दुपारच्या आत येते. मग बाबा गेलेत तिथनं उडत यायला किती वेळ लागतो?"