नळ्यांअलीकडची होडी

"नुसती जागा अडवून बसलेय मेली. गोधडी वाळवायला बरी पडते म्हणून, नायतर कवाच चुलीत गेली असती."

हे जनाबाईचं पुटपुटणं. ओली गोधडी माझ्याच अंगावर पसरत ती मलाच बोलत असते. मी मनावर घेत नाही. दरवर्षी माझ्या नाळीला, म्हणजे माझ्या टोकाला, हळदकुंकू लावते तीही तीच.

मित्रांनो, मी कोपरीच्या खाडीतली एक जुनी होडी. गोमाजी कोळ्यानं मला बांधून घेतलं ते त्याच्या लग्नाच्या वर्षी. म्हणजे जनाबाई आणि मी एकदमच या घरात आलो. गोमाजीची लाडकी कोण, यावरून आमचं तेव्हापासूनचं आहे.

भरती पाहून आम्ही निघायचो. बोयटं, कोळंबी, चिंबोऱ्या, खाडी देईल ते घ्यायचो. एकदा तर मी आख्खं वऱ्हाड पलीकडे नेलं, वाजंत्रीवाल्यांसकट. लोक म्हणायचे, गोमाजीची होडी पाण्याला कळू न देता चालते.

आमच्या वस्तीला तेव्हा रस्ता नव्हता. खाडीचा एक लहान फाटा वस्तीला वळसा घालून आत शिरलेला, त्यात आम्हा होड्यांचं घर. स्टेशन जवळ, पण मध्ये गुडघाभर चिखल. जनाबाई डोक्यावर पाटी घेऊन तो तुडवायची आणि पलीकडे पाय धुऊन मगच बाजारात बसायची.

ऐंशीनंतर ठाणं चहूकडून फुगायला लागलं. अशा एका आषाढात गुंडाळलेला नकाशा काखेत मारून प्रमोदिनीबाई प्रधान आल्या. रस्ते आखण्याचं त्यांचं काम. बाई चांगल्या होत्या, चिखलात चप्पल रुतून राहिली तरी हसल्या. त्यांनी दारोदार विचारलं, तुम्हाला काय हवं? सगळ्यांनी एकच सांगितलं, रस्ता. गोमाजीचा आवाज सगळ्यांत मोठा.

मी तेव्हा काठावर पालथी, अंगावर झावळ्यांची झापं. आमच्या वस्तीत नारळी पुनवेआधी होडी पाण्यात घालत नाहीत. हे कोळ्याला कुणी सांगावं लागत नाही, म्हणून ते बाईंनाही कुणी सांगितलं नाही. बाईंनी रिकामं पाणी पाहिलं, पालथ्या होड्या पाहिल्या. इथल्या होड्या संपल्या असं समजून त्यांनी फाट्याच्या तोंडावरूनच रेघ ओढली.

पुढच्या वर्षी पावसाआधी आम्हाला नेहमीसारखं आत ओढून घेतलं, आणि मागोमाग डंपर आले. फाट्याच्या तोंडात मुरूम पडला. पाण्याला वाट हवी म्हणून खाली सिमेंटचे नळे टाकले. त्यांतून पाणी जातं, मासा जातो. मी जात नाही.

नारळी पुनवेला गोमाजीनं नारळ सोडला आणि मला वल्हवत निघाला. माझी नाळ नळ्याला टेकली. त्यानं वल्हं आत ओढून घेतलं. मग काठावरच्या लोकांना म्हणाला, की पुढच्या वर्षी गडी जमवू आणि हिला रस्त्यावरून उचलून पलीकडे टाकू. सगळ्यांनी माना डोलावल्या.

बाई पुन्हा आल्या तेव्हा त्यानं त्यांना मला दाखवलं. बाईंचा चेहराच उतरला. आराखडा मंजूर झालाय, पुढच्या आराखड्यात इथे छोटा पूल धरू, म्हणाल्या. नंतर त्यांची बदली झाली. तो पूल अजून कुठल्या कपाटात आहे कोण जाणे.

खोटं कशाला बोलू, रस्त्यानं वस्तीचं भलंच केलं. जनाबाईच्या टाचा कोरड्या राहिल्या. गोमाजीच्या मुलानं, कान्हानं, रिक्षा घेतली. पाटी आता तिच्यातून बाजारात जाते. शेजारच्या सीतारामानं आपली होडी फोडून चुलीला लावली. गोमाजी मात्र दर उन्हाळ्यात माझ्या फटी बुजवायचा, मला तेल पाजायचा आणि म्हणायचा, पुढच्या वर्षी उचलू. माना डोलायच्या.

भरतीला नळ्यांतून पाणी शिरतं. मी उचलली जाते, दोर ताणला जातो, वाटतं निघालो आपण. मग पाणी आल्या वाटेनं निघून जातं आणि मी चिखलात बसते.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठेपणी रस्ते आखील. जरूर आखा. पण रेघ ओढण्याआधी ती जागा पावसात बघा, उन्हात बघा, तिचं एक वर्ष पुरतं बघा. आणि ज्यांच्या दारात रस्ता येतोय त्यांनीही आपलं जे आहे ते बोलून दाखवा.

आता हा फाटाच बुजवून रिक्षा स्टँड करायचं ठरलंय. नारळी पुनव झाली की भराव पडणार. म्हणून आज, पुनवेच्या दिवशी, गोमाजीनं आळीतले सगळे गडी बोलावले. आज उचलली नाही तर मी मुरमाखाली जाणार, हे सगळ्यांना ठाऊक. गडी आले. एकाची पाठ धरली होती, एकाला ड्यूटी होती, बाकीचे रस्त्याकडे बघत उभे राहिले. जनाबाईनं माझ्यावरची गोधडी गुपचूप काढून घेतली.

गोमाजीनं एकट्यानंच माझ्या नाळीला खांदा लावला. मी तसूभरही हलले नाही. तो म्हणाला, "त्या नकाशावाल्या बाईनं कोंडली माझी होडी."

कान्हा रिक्षातून उतरून बापाजवळ आला. त्याचा खांदा माझ्यापासून सोडवत हळूच म्हणाला,

"बाईनं एकदा कोंडली, बाबा. उचलायला आमी दरवर्षी होतो. आमाला ती न्यायचीच नव्हती."